अर्धी टाकी

सिग्नेबाईंची टाकी गिडो कधीच पूर्ण भरत नाही, हे मला पहिल्याच फेरीत कळलं होतं.

गिडो म्हणजे माझा आजोबा, आईचा बाप. नेस्टर हाव्रिलुक, वय एकाहत्तर, धंदा तेलाचा. विहिरी-बिहिरी नाहीत आमच्या. एक जुना टँकर आहे, त्यातून लोकांच्या शेतावर डिझेल आणि घर तापवायच्या भट्टीचं तेल पोचवायचं, एवढंच. मी फेब्रुवारीत शाळा सोडली, अकरावीतून. आई उत्तरेला कामगारांच्या कॅम्पवर स्वयंपाक करते, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे इकडे. ती म्हणाली, "हिला घरात बसवलं तर ही भिंती पाडेल. बाबा, तू घेऊन जा." तेव्हापासून मी टँकरवर. निम्मा वेळ मीच चालवते; लायसन्स हातात आल्याशिवाय गिडोने चावी दिली नाही.

आमचं लुसीडेल कॅनडात, अल्बर्टा प्रांतात. गावापासून अकरा किलोमीटरवर अल्बर्टा संपतो आणि ब्रिटिश कोलंबिया सुरू होतो. तिथे काही नाही. जंगलातून सरळ कापत नेलेली एक मोकळी पट्टी, रस्त्याकडेला एक बोर्ड, बोर्डावर कुणीतरी मारलेल्या छऱ्यांची भोकं. सिग्ने हॉगन बोर्डाच्या पलीकडे आठ किलोमीटरवर राहतात. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. एक म्हातारा कुत्रा आहे, तो भुंकायचा कंटाळा करतो.

बाकीच्या गिऱ्हाइकांची टाकी गिडो गळ्यापर्यंत भरतो. सारखी फेरी कोण मारणार? सिग्नेबाईंची टाकी नऊशे लिटरची. गिडो मोजकाठी आत सोडायचा, वर काढायचा, तेलाची खूण बघायचा, आणि दोनशे लिटर टाकून नळी बंद.

"अजून पाचशे मावतात की," मी पहिल्या दिवशी म्हटलं.

"पुढच्या वेळी."

पुढच्या वेळीही दोनशेच. दर गुरुवारी. मग हातपाय झाडून आत जायचं, कॉफी, बटाट्याच्या पातळ पोळ्या, त्यावर लोणी-साखर. गिडो जाताना घरच्या काकडीच्या लोणच्याची बरणी न्यायचा आणि मागच्या वेळची रिकामी बरणी परत आणायचा. बोलणं काय, तर हवा.

"वारा उत्तरेचा आहे, मिसेस हॉगन."

"हो ना, मिस्टर हाव्रिलुक. काल पश्चिमेचा होता."

सहा वर्षं हे चाललेलं. उन्हाळ्यात तेल थोडंसंच लागायचं, तरी गुरुवार चुकायचा नाही; आणि तेव्हा तर पलीकडचं घड्याळ आमच्यापेक्षा तासाने मागे असतं. गिडो आमच्या दहाला पोचायचा आणि त्यांचे दहा वाजेपर्यंत फाटकाबाहेर टँकरमध्ये बसून राहायचा. बाई खिडकीतून बघतायत हे त्याला दिसायचं. तरी बसायचा.

आणि दुसरी गोष्ट. बाहेर उणे बावीस, आणि बाईंच्या स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या उघड्या. तळघरात भट्टी धडधडतेय, गरम हवा सरळ बाहेर. मी एकदा लावायला उठले, तर म्हणाल्या, "राहू दे गं. मला कोंदट सोसत नाही."

मी खिडक्या बघितल्या, मग मोजकाठी आठवली, मग कॉफी पिऊन टाकली. राग मला पटकन येतो, पण चुगल्या मी करत नाही.

*

नोव्हेंबरात कायदा झाला.

भांडण जुनंच होतं. आमच्या तेलाचा पाइप समुद्रापर्यंत न्यायचा, आणि समुद्र पलीकडच्या ब्रिटिश कोलंबियाकडे. ते म्हणाले, नाही नेऊ देणार. आमचे म्हणाले, मग तुमचं तेलच बंद करतो, बघू पेट्रोल कुठून भरता. पंपावरच्या कॉफीच्या टेबलावर सगळे खूश. मीसुद्धा होते, खोटं का बोला.

मग एका बुधवारी टँकरमधल्या रेडिओवर बातमी लागली. विधानसभेत कायदा पास. प्रांताबाहेर कच्चं तेल, गॅस, डिझेल, पेट्रोल न्यायचं तर मंत्र्याचा परवाना. मंत्र्याने नाही म्हटलं तर नाही. दंडाचा आकडा रेडिओवाल्याने दोनदा वाचला, त्याचाही विश्वास बसला नसावा.

गिडोने टँकर कडेला घेतला. इंजिन बंद केलं.

"ते मोठ्या कंपन्यांसाठी आहे, गिडो."

"डिझेल म्हणाला तो."

"पाइपातलं डिझेल. तुझी दोनशे लिटर कोण मोजतंय?"

"कायद्यात लिटर लिहिलेत का?"

गिडोबद्दल एक सांगायला हवं. मैलभर दोन्ही बाजूंना गाडी नाही, कोल्हासुद्धा नाही, तरी 'थांबा'च्या पाटीपाशी हा पूर्ण थांबतो आणि तोंडाने मोजतो, एक, दोन, तीन. मी लहानपणी हसायचे. मग एकदा त्याने सांगितलं. पहिल्या महायुद्धात इथल्या युक्रेनी लोकांना शत्रू धरून पोलिसांकडे हजेरी लावायला लावायचे, आणि त्याच्या आजोबाला एक दिवस उशीर झाला होता. बर्फात घोडी अडकली म्हणून. दोन हिवाळे तारांच्या कुंपणात काढले त्याने. आमच्या घरात कायदा म्हणजे असा. तो बरोबर आहे की चूक, हे विचारायची पद्धतच नाही.

घरी येऊन त्याने टोपी काढली आणि फोन लावला. टोपी काढून.

"मिसेस हॉगन, कायदा झालाय. मला आता येता यायचं नाही."

तेल आणता यायचं नाही, असं नाही म्हणाला. येता यायचं नाही, म्हणाला. पलीकडून बाई काय बोलल्या ऐकू आलं नाही. फार नसाव्यात. गिडो "बरं" म्हणाला, आणि फोन ठेवून बराच वेळ त्याच्यावर हात ठेवून उभा राहिला.

*

तीन आठवडे गेले. गिडो बाकीची कामं करायचा, जेवायचा, झोपायचा. टँकर दोनदा धुतला, थंडीत, पाणी दारावरच गोठलं. मी पुष्कळ टोमणे मारले. गुरुवारी सकाळी दाढी मात्र करायचा. दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून, टेबलापाशी बसायचा आणि हवामानाच्या बातम्या ऐकायचा. दोन्हीकडच्या.

ते बघून मला काहीतरी फोडावंसं वाटायचं.

चौथ्या आठवड्यात, मंगळवारी, पंपावरची ट्रूडी मला म्हणाली, "गेलं बघ तुझ्या गिडोचं गिऱ्हाईक. पलीकडच्या डॉसन क्रीकच्या कंपनीचा माणूस हॉगनबाईंकडे जाऊन आला. वर्षाचा करार. शुक्रवारी टाकी भरणार, गळ्यापर्यंत."

"गळ्यापर्यंत?"

"मग काय, चमच्याने घालतात?"

गळ्यापर्यंत भरली तर वसंतापर्यंत कुणी जायला नको. वसंतातही तो कंपनीवालाच जाणार. गिडोला त्या घरी जायला दुसरं कारण माहीत नव्हतं, आणि शोधायची अक्कल नव्हती. माझ्याकडे तीन दिवस होते.

कायदा बघायचा तर वाचनालय, आणि आमचं वाचनालय शाळेतच आहे. त्या दारातून मी नऊ-दहा महिने गेले नव्हते. तिथे संध्याकाळी समाजशास्त्राचे ऑडेट सर बसतात. त्यांच्याच तासाला मी गेले होते उठून.

"ऑरी," सर म्हणाले. माझं नाव ओरिसिया, पण ते कुणी म्हणत नाही. "खुर्ची फेकायला आलीस की बसायला?"

"फेकली नव्हती. ढकलली होती."

"खिडकीपर्यंत ढकलली होतीस. बस."

मी म्हटलं, मला तो तेलबंदीचा कायदा बघायचाय. त्यांनी का ते विचारलं नाही. छापून आणून समोर ठेवला. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, बोट ठेवून. शाळेत असताना मी असं काही वाचलं नव्हतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, हा कायदा मंत्रिमंडळ जाहीर करेल त्या तारखेपासून लागू होईल.

"कुठली तारीख?"

"तीच तर जाहीर नाही केली," सर म्हणाले. "पास झाला, पण लागू नाही. धमकी म्हणून खिशात ठेवलाय."

"म्हणजे आत्ता, आज, डिझेल पलीकडे न्यायला काहीही लागत नाही?"

"काल लागत नव्हतं तसंच."

मला इतका राग आला की मी पाय आपटला. तीन आठवडे. तीन गुरुवार.

"आणि लागू केला तर?"

सरांनी दुसरं पुस्तक काढलं. राज्यघटना. "मी सांगणार नाही. कलम ब्याण्णव-अ. तू शोध."

शोधलं. प्रांताला आपल्या जमिनीतून निघणारा माल देशाच्या दुसऱ्या भागात पाठवण्याबद्दल कायदे करता येतात. पण भावात किंवा पुरवठ्यात दुजाभाव करता येत नाही.

"पण हा कायदा तर दुजाभावासाठीच केलाय," मी म्हटलं. "टेबलावर सगळे तेच म्हणतात. त्यांची जिरवायला."

"सभागृहातही तेच म्हणाले. ते सगळं छापलेलं आहे, वकिलांचं काम सोपं. आता मागे जा, परिशिष्ट बघ. कुठल्या मालाबद्दल आहे हे?"

मागे गेले. जमिनीतून निघालेला माल, किंवा त्यावर थोडी प्रक्रिया केलेला. पण कच्चं तेल शुद्ध करून केलेला माल यात धरायचा नाही. मी दोनदा वाचलं.

"डिझेल कच्चं असतं का?" सरांनी विचारलं.

"डिझेल कच्चं कसं असेल? शुद्ध करूनच होतं ते."

"टँकर तू चालवतेस, तुला माहीत. मला नव्हतं."

"म्हणजे डिझेलला हात लावायचा अधिकार या कलमाने दिलेलाच नाही."

"पुढे एकशे एकविसावं आहे. एका प्रांतातला माल दुसऱ्यात मोकळेपणाने जाऊ द्यावा. त्या एका वाक्यावर कितीतरी वकिलांची घरं बांधून झाली. कोर्ट काय म्हणेल ते कोर्ट म्हणेल, पण पैज लावायची तर मी तुझ्या बाजूने लावीन."

"कोर्ट कधी म्हणेल?"

"लागू झाल्यावर. त्याआधी गेलं तर म्हणतील, अजून कुणाचं काही बिघडलेलं नाही, घरी जा."

"बिघडलंय," मी म्हटलं.

सरांनी माझ्याकडे बघितलं, आणि सगळी पानं फुकट छापून दिली. दारापर्यंत आले. "ऑरी, हेच गेल्या वर्षी केलं असतंस तर."

"गेल्या वर्षी तुम्ही टँकरचं काही विचारलं नव्हतं."

*

बुधवारी मी सगळे कागद गिडोसमोर टेबलावर पसरले. त्याने चष्मा लावला. सावकाश वाचलं, ओठ हलवत.

"लागू नाही," तो म्हणाला.

"नाही."

"पण पास झालाय."

"झालाय. खिशात आहे."

"मग खिशातून कधी काढतील?"

"कुणास ठाऊक. उद्या, पुढच्या वर्षी, कधीच नाही."

गिडोने चष्मा काढून पुसला. "आणि मी वाटेत असतानाच काढला तर? बोर्डाच्या पलीकडे गेलो, आणि मागे लागू झाला?"

मी शांत राहायचं ठरवून आले होते. खरंच ठरवलं होतं.

"तर तू जगातला पहिला मूर्ख ठरशील," मी म्हटलं. "तुला कायद्याची नाही, बाईंची भीती वाटते. सहा वर्षं अर्धी अर्धी टाकी भरतोस आणि वाऱ्याच्या गप्पा मारतोस. परवा तो कंपनीवाला गळ्यापर्यंत भरणार आहे. मग बस तू, दाढी करून."

गिडोने चष्मा टेबलावर ठेवला.

"तुला माहीत होतं?" गिडोने विचारलं.

"मोजकाठी मलाही वाचता येते."

तो उठला, कोट घातला आणि अंगणात गेला. टँकरचं चाक तपासत बसला. चाकाला काही झालं नव्हतं. मी खिडकीतून बघत होते, आणि मला माझी जीभ चावून टाकावीशी वाटत होती.

गुरुवारी त्याने दाढी केली नाही.

*

शुक्रवारी मी न विचारता गिडोची पिकअप गाडी काढली. कागद शेजारच्या सीटवर. रागात गिअर टाकत गेले, तेव्हा चढावर क्लचचा जळका वास यायला लागला, पण थांबले नाही. बोर्ड मागे पडला. काही झालं नाही. कधीच काही होत नाही तिथे.

सिग्नेबाईंच्या फाटकातून कंपनीचा टँकर बाहेर पडत होता. नवा कोरा, आरशासारखा. चालवणाऱ्याने मला हात केला. मी नाही केला.

सरळ टाकीपाशी गेले. मोजकाठी तिथेच भिंतीला टांगलेली असते. आत सोडली, वर काढली. टोकापासून मुठीपर्यंत ओली.

बाई दारात आल्या होत्या, शाल घेऊन. "ऑरी? थंडीत काय करतेस? आत ये."

"थांबता नाही आलं तुम्हाला?" मी म्हटलं. "चार आठवडे? तो कायदा लागूसुद्धा नाही. हे बघा. आणि झाला तरी डिझेलला चालत नाही, इथे लिहिलंय, मागच्या पानावर. गिडो रोज..." नाक गळत होतं. उणे वीसला गळतंच.

बाईंनी माझ्या हातातून मोजकाठी घेतली, फडक्याने पुसली, जागेवर टांगली. "आत ये."

आत गेले. आधी मला कळेना काय वेगळं आहे. मग कळलं. गरम होतं. दोन्ही खिडक्या बंद होत्या, फटींना पट्ट्यासुद्धा चिकटवलेल्या.

बाईंनी कॉफी ओतली. स्वतः उभ्याच राहिल्या.

"तू हुशार आहेस, खिडक्या तू बघितल्या होत्यास," त्या म्हणाल्या. "सहा हिवाळे मी या घरात स्वेटर घालून वावरले. तेल संपावं म्हणून. आणि तो काय करतो, तर दोनशे लिटर टाकतो. मला वाटायचं, मीच एकटी वेडी. मग एकदा मी स्वतः काठी टाकून बघितली."

"मग तुम्हाला माहीत होतं?"

"चार वर्षं."

"आणि बोलला नाहीत?"

"तो बोलला का?" बाई पहिल्यांदा जरा चिडल्या. "ऑरी, मी अडुसष्ट वर्षांची आहे. कायदा झाला म्हणून तो यायचा थांबला, तेव्हा मी इथे बसून विचार केला. उद्या तो कायदा जाईल, मग रस्ता खचेल, मग टँकर मोडेल. तेलाच्या भरवशावर माणूस किती दिवस येणार? म्हणून मी त्या पोराला सांगितलं, भर, अगदी वरपर्यंत भर."

बाईंनी फळीवरून गिडोची रिकामी बरणी काढली, धुतलेली, आणि माझ्यासमोर ठेवली.

"ही त्याला दे. सांग, टाकी मार्चपर्यंत भरलीय. आता यायचं असेल तर तेलाशिवाय यावं लागेल. यायचं नसेल तर बरणी ठेवून घे म्हणावं."

*

पिकअप घराच्या दोन किलोमीटर अलीकडे मेली. बरणी कोटात घेऊन मी चालत आले.

गिडोला सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. खिडक्यांचंही. तो बरणीकडे बघत होता.

"उणे बावीसला उघड्या?"

"उणे तीसलाही असतील."

"आणि मी तिला म्हणायचो, तुमचं घर हवेशीर आहे." त्याने चष्मा काढला, परत लावला. मग तळघरात गेला, आणि बरणी भरून वर आणली.

"क्लच गेला म्हणतेस?"

"सॉरी."

"मग टँकरच न्यावा लागेल."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. गिडोने दाढी केली, हनुवटीवर कापून घेतलं. मग अंगणातल्या मोठ्या टाकीत टँकर पूर्ण रिकामा केला. पाऊण तास गेला त्यात. मी म्हटलं, गिडो, लागू नाहीये तो. तो म्हणाला, माहीत आहे, वाचलंय मी. तरी शेवटचा थेंब निथळेपर्यंत नळी धरून उभा राहिला. या वेळी मी चिडले नाही. चिडायला झालंच नाही.

बोर्डापाशी त्याने टँकर थांबवला. दोन्ही बाजूंना बर्फ, रस्त्यावर कुणी नाही. तो उतरला, शिडीवरून वर चढला, झाकण उघडलं आणि टँकरची मोजकाठी आत सोडली. खाली येऊन मला दाखवली. कोरडी.

"तू साक्षीदार," तो म्हणाला.

"बरं."

"एक, दोन, तीन," गिडो म्हणाला, आणि आम्ही निघालो.

फाटकाबाहेर तो थांबला नाही. सरळ आत घेतला. कुत्र्याने मान वर केली. बाई दारात आल्या, स्वेटर नव्हता अंगावर, निळा ड्रेस होता. त्यांनी टँकरकडे बघितलं, मग त्याच्या हाताकडे.

"आज किती लिटर, मिस्टर हाव्रिलुक?"

गिडो पायरीवर उभा. टोपी एका हातात, बरणी दुसऱ्या. वारा कुठला आहे ते सांगेल, असं मला वाटलं.

"काही नाही आणलं, सिग्ने," तो म्हणाला. "मी नुसताच आलोय."

त्या बाजूला झाल्या, तो आत गेला. मी टँकरमध्येच बसले होते, बसणारच होते. पण दार परत उघडलं आणि बाईंनी मला हाक मारली.

"ऑरी, येतेस तर लवकर ये. आणि दार ओढून घे नीट, हे तेल मला मार्चपर्यंत पुरवायचंय."